रेघ पेन्सिलीची असताना

पहाटे ४.५०

नागपुरात रात्रभर पाऊस लागून राहिला होता. गाडीच्या मागच्या सीटवर गाव नकाशांची गुंडाळी, तिच्यावर प्लास्टिक, शेजारी गमबूट, टेप, जीपीएस आणि दोन डबे. ड्रायव्हरभाऊंनी वायपर सुरू करत विचारलं, "मॅडम, एवढ्या पावसात साइटवर काय दिसणार?" मी म्हटलं, "भाऊ, आज पाऊसच पाहायला चाललोय."

भंडारा जिल्ह्यातून जाणार असलेल्या एका नव्या राष्ट्रीय महामार्गाचा पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल माझ्याकडे आहे. १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेप्रमाणे नव्या राष्ट्रीय महामार्गाला काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी लागते आणि त्या मंजुरीसाठी हा अहवाल. हवा, पाणी, आवाज, माती, झाडं, जनावरं, माणसं यांची आजची स्थिती मोजायची, रस्ता झाल्यावर काय बदलेल ते सांगायचं आणि त्यावर उपाय सुचवायचे. ही मोजमापं पावसाळा सोडून कुठल्याही एका ऋतूत घेतली तरी नियमाला चालतं. आमची मार्च ते मे या महिन्यांत झाली. सगळे आकडे रीतसर आहेत, प्रयोगशाळेच्या शिक्क्यानिशी आहेत. पण हा रस्ता जातोय तलावांच्या मुलखातून. तिथलं पाणी मे महिन्यात समजत नाही, म्हणून हा दिवस मी मुद्दाम ठेवला होता.

सकाळी ७.१५

मौद्याच्या पुढे उजाडलं. भंडारा ओलांडून आत वळलो तसा रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान. काही बांध्यांत रोवणी सुरू होती, बायका ओळीने वाकलेल्या, प्लास्टिकच्या खोळी पांघरून.

पूर्व विदर्भात सहा हजारांहून जास्त मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या लोकांनी यातले पुष्कळसे बांधले, पुढे ते मालगुजारांकडे होते, मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. बांधणी साधी, पण उताराची अचूक जाण असलेली: मातीची पाळ, जास्तीचं पाणी जायला एका कडेने सांडवा (इकडे त्याला सलंग म्हणतात) आणि वरच्या अंगाने येणारं पाणी, म्हणजे येवा. तलाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाळ येते. पण तलाव जगतो तो येव्यावर, आणि आमच्या रस्त्याचा भराव अशाच एका तलावाच्या येव्यावर पडणार आहे.

आराखड्यात त्या तलावाच्या वरच्या अंगाला एक नाला दाखवलाय आणि त्यावर एक बॉक्स मोरी. उन्हाळ्यात मीही हेच पाहून गेले होते. कोरडा नाला, रुंदी जेमतेम चार पावलं, एक मोरी पुरे. आज गमबूट घालून उतरले तर नाला शोधावा लागला. पाणी नाल्यातून चाललं होतंच, पण त्याहून जास्त ते बांध्यांवरून, धुऱ्यांच्या फटींतून, एका बांधीतून दुसरीत असं पसरून उतरत होतं. गावचे पोलीस पाटील छत्री घेऊन आले होते. ते म्हणाले, "मॅडम, उन्हाळ्यात याल त हे कसं दिसन जी? आमचा तलाव नाल्यानं नाही भरत, असा चारी अंगानं भरते."

मी बांधावरच्या पळसाचं एक पान तोडलं आणि नाल्यापासून बऱ्याच अंतरावर पाण्यावर सोडलं. पान क्षणभर गोल फिरलं, धानाच्या चुडांमध्ये अडकलं, सुटलं आणि नाल्याकडे न जाता सरळ खालच्या बांधीत उतरलं. तिथून पुढच्या. मी त्याच्या मागे चालत होते, पाटील माझ्या मागे. सहाव्या बांधीनंतर ते तलावाच्या काठावरच्या बेशरमाच्या झुडपांत शिरलं. दुसरं पान आणखी दूर जाऊन सोडलं, तेही तसंच गेलं. तिसरं मात्र नाल्याकडे वळलं. जीपीएसवर खुणा केल्या आणि टेप धरली. पाणी उतरण्याचा पट्टा सुमारे तीनशे मीटर रुंद निघाला. या पट्ट्यावर तीन मीटर उंच भराव आणि त्यात एकच भोक ठेवलं तर वरच्या बांध्यांत पाणी साचून पऱ्हे सडणार आणि खालचा तलाव अर्धा राहणार. मग गावातली माणसं पावसाळ्यात एके रात्री भराव खोदायला येणार, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

आज हे बदलायला एक पत्र, एक नवा छेद आणि चार जास्तीच्या मोऱ्या लागतील. भराव टाकून झाल्यावर तेवढ्यासाठी वर्ष जातं.

सकाळी ९.३०

बीटचा वनरक्षक सध्याच्या जिल्हा रस्त्यावरच्या मोरीपाशी वाट पाहत होता. सहा आठवड्यांपूर्वी त्याच्या मदतीने या मोरीच्या दोन्ही तोंडांना कॅमेरे बांधले होते. दोन्हींची कार्डं काढली, नवी घातली, बॅटऱ्या बदलल्या. एका कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर मुंग्यांनी घर केलं होतं. वनरक्षकाने तो हळू झटकला आणि म्हणाला, "मॅडम, आत पाणी आहे आता. जनावर इथून नाही जात, वरून जाते." खरंच मोरीत गुडघाभर गढूळ पाणी होतं आणि वर डांबराच्या कडेला ओल्या मातीत चितळाचे खूर उमटले होते. एवढं पाहिलं आणि साडेदहाच्या आत भंडाऱ्याला पोहोचायचं म्हणून निघालो.

सकाळी ११.००

जिल्हाधिकारी कार्यालयातली बैठक. दिवसातलं हे सर्वांत महत्त्वाचं काम. ती घडवून आणायला मला चार महिने लागले.

एका टेबलाभोवती वन विभाग, महसूल, भूमी अभिलेख, महावितरण, रस्त्याचा आराखडा करणारे इंजिनिअर, आणि मी हट्टाने बोलवायला लावलेला जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन क्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. मोठ्या प्रकल्पांच्या पाटबंधारे खात्याला पत्र गेलं की "आमच्या प्रकल्पास बाधा नाही" असं उत्तर येतं. ते खरंच असतं, कारण तलाव त्यांचा नसतोच. ज्याचा असतो त्याला कोणी विचारलेलं नसतं. या एका चुकीने किती तलावांचा येवा तुटला असेल, याचा विचार केला की मला झोप लागत नाही.

टेबलावर नकाशा पसरला. आराखड्याची मध्यरेषा मी मुद्दाम पेन्सिलीने काढून आणली होती. लाल शाईची रेघ पाहिली की माणसं तिच्यावर बोलायला कचरतात, पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवतात.

आपल्याकडे एरवी हे काम टपालाने चालतं. आराखडा आधी पूर्ण होतो, मग प्रत्येक खात्याला वेगळं पत्र जातं. आवक क्रमांक पडतो, टिप्पणी चढते, शेरा येतो, त्रुटी निघते, पत्र परत येतं. वन विभाग रेघ उत्तरेला सरकवा म्हणतो, त्याप्रमाणे सरकवली की महसूल म्हणतो आता गावठाण येतं. पुन्हा आराखडा, पुन्हा पत्रं. "पर्यावरणामुळे रस्ता अडला" असं जे म्हटलं जातं ते मी १९ वर्षं ऐकते आहे. अधिसूचनेत तज्ज्ञ समितीच्या छाननीला ६० दिवस आणि त्यानंतरच्या निर्णयाला ४५ दिवस, असे मिळून १०५ दिवस दिलेत. वर्षं जातात ती याच्या बाहेर, ठरलेली रेघ पुसून पुन्हा काढण्यात. म्हणून प्रक्रिया सोपी करायची म्हणजे प्रश्न कमी करायचे, हे मला पटत नाही. सगळे प्रश्न एकाच दिवशी, एकाच टेबलावर आणि रेघ पक्की व्हायच्या आत विचारले पाहिजेत.

पहिला अर्धा तास झुडपी जंगलात गेला. महसुलाच्या नोंदीत दोन गट झुडपी जंगल म्हणून आहेत. उभं राहून पाहिलं तर तिथे करवंदीच्या जाळ्या आणि गुरांच्या वाटा. वर्षानुवर्षं महसूल म्हणत आला ही आमची जमीन, वन विभाग म्हणत आला हे वन. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच, असा निकाल दिला. त्यामुळे या दोन गटांसाठी वन संवर्धन कायद्याखाली वेगळा प्रस्ताव लागणार, हे आज टेबलावरच मान्य झालं. एरवी हे कळायला प्रस्ताव दिल्लीहून परत यावा लागला असता.

मग मी सकाळचे फोटो ठेवले. पळसाच्या पानांच्या खुणा नकाशावर जोडल्या तर पंख्यासारखा आकार दिसत होता. लघुपाटबंधाऱ्याच्या तरुण उपअभियंत्याने गावाचं वाजिब-उल-अर्ज आणलं होतं. जुन्या मध्य प्रांतातल्या गावांचं हे मोठं वैभव आहे. पाण्यावर, मासेमारीवर, वाटांवर कोणाचा काय वहिवाटीचा हक्क, हे त्यात नोंदलेलं असतं. त्यातल्या ओळी त्याने वाचून दाखवल्या: या तलावाचं पाणी खालच्या दोन गावांनी कोणत्या क्रमाने घ्यायचं ते त्यात लिहिलं होतं. एवढा वेळ बोललेल्या आकड्यांपेक्षा त्या जुन्या मोडीवळणाच्या अक्षरांचं वजन जास्त पडलं.

आराखड्याच्या इंजिनिअरने विचारलं, "मॅडम, मोऱ्या वाढवू, पण जनावरांसाठीही वेगळं म्हणताय. इथे काही पेंच नाही." प्रश्न रास्त होता. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ची हकिगत आम्हा नागपूरकरांना तोंडपाठ आहे. रुंदीकरण ठरलं तेव्हा जनावरांचा विचार पुरेसा झाला नव्हता. वाद न्यायालयात गेला, वर्षं गेली, खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करत लोक जबलपूरला जात राहिले. शेवटी सुमारे १६ किलोमीटरच्या पट्ट्यात चार लहान पूल आणि पाच भुयारी मार्ग मिळून नऊ बांधकामं झाली, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत लांबीची. खालून जनावरं जातील की नाही अशी शंका तेव्हा बऱ्याच जणांना होती. भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावले आणि २०१९ मध्ये १८ जातींचे वन्यप्राणी तिथून जाताना टिपले गेले, वाघही त्यात होते. मी इंजिनिअरला म्हटलं, "इथे ७५० मीटरचा पूल मागत नाहीये. नाहीतरी मोरी बांधणारच आहात. तिची उंची वाढवा आणि एका अंगाला पाण्याच्या वर राहील असा कोरडा ओटा द्या. पेंचला जे वादानंतर मिळालं, ते इथे वादाआधी देऊ." तो बोलला नाही, पण वहीत लिहून घेतलं.

पीएम गतिशक्तीचा नकाशाही पडद्यावर होता. २०२१पासून वेगवेगळ्या खात्यांचे थर एकावर एक पाहता येतात, आणि ज्यांनी ट्रेसिंग पेपरवर ट्रेसिंग पेपर ठेवून रात्री काढल्यात त्यांना त्याचं मोल कळतं. वनाची हद्द, नदी, रेल्वे, वीजवाहिनी सगळं तिथे होतं. पण पडद्यावरच्या त्या तुकड्यात गावचा पांदण रस्ता नव्हता. तो भूमी अभिलेखच्या अधिकाऱ्याने हातातल्या गाव नकाशावर दाखवला: दुहेरी तुटक रेघ, आमच्या मध्यरेषेला तिरकी छेदून जाणारी.

दीड वाजता बैठक संपली तेव्हा तलावाच्या वरच्या बाजूची रेघ १२० मीटर पूर्वेकडे सरकली होती. मी रबराने जुनी रेघ पुसली. पिढ्यान्‌पिढ्यांची शेती, एक तलाव आणि दोन झुडपी गट यांच्यामधून वाट काढायला अडीच तास लागले होते.

दुपारी २.१०

गाडीतच डबा. पोळी आणि पडवळाची भाजी.

दुपारी ३.१५

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती, सरपंचबाई, पोलीस पाटील, आणि रोवणीहून हातपाय धुऊन आलेल्या सहा-सात बायका. ही जनसुनावणी नव्हे. जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, तिच्या किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी असतात, सगळ्याचं चित्रीकरण होतं आणि शेवटी कामकाजाचा सारांश लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो. नियम चांगला आहे. पण त्या मांडवात पहिल्यांदाच कागद हातात पडला, तर माणूस काय विचारणार? म्हणून मी आधी येते, अहवालाच्या मराठी सारांशाचा कच्चा खर्डा घेऊन.

हा सारांश स्थानिक भाषेत असणं बंधनकारक आहे. भाषेचा हा हक्क किती मोठा आहे ते २०२०मध्ये दिसलं, जेव्हा नव्या अधिसूचनेचा मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत आला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषांत उपलब्ध करण्याचा आदेश दिला. पण भाषांतर मराठीत असलं म्हणजे समजतंच असं नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या खर्ड्यांत "प्रस्तावित संरेखनामुळे जलनिस्सारण प्रणालीवर नगण्य प्रभाव अपेक्षित आहे" अशी वाक्यं असतात. मी ते वाक्य मुद्दाम मोठ्याने वाचलं. कोणी काही बोललं नाही. मग म्हटलं, "रस्ता तलावाच्या वरून जाणार. पाणी अडेल की नाही, यावर आमचं म्हणणं आहे की फारसं अडणार नाही." लगेच तीन हात वर झाले. एका बाईने विचारलं, "फारसं म्हणजे किती? माही बांधी बुडन का?" बाकी अहवालाचं मला माहीत नाही, पण हे वाक्य आज रात्री बदललं जाणार.

अहवाल जाड असला की काम झालं, ही समजूतही मोडायला हवी. अमेरिकेत २०२३च्या कायद्याने अशा अहवालाला १५० पानांची आणि फार गुंतागुंतीच्या प्रकल्पाला ३०० पानांची मर्यादा घातली. पानांची ही शिस्त मला मनापासून आवडते, अट एकच की जे वगळू ते झाडांच्या याद्यांतलं असावं, या बाईच्या प्रश्नाचं उत्तर नसावं.

मग पांदण. बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका रस्त्याच्या अहवालावर माझी सही आहे. तिथली पांदण आमच्या कोणाच्याच नकाशात आली नाही. सुनावणीत एक म्हातारा उठून म्हणाला होता, "माही बैलबंडी कोठून जाईन?" उत्तर लिहिलं गेलं: "सूचनेची नोंद घेण्यात आली." रस्ता झाला, भराव चढला, पांदण बंद झाली. पलीकडच्या शेतात जायला लोकांना कितीतरी लांबचा वळसा पडायला लागला, रस्त्यावर बसले, काम थांबलं, आणि अखेर झालेला भराव फोडून खालून वाट काढावी लागली. म्हाताऱ्याच्या एका प्रश्नाला त्या दिवशी नीट उत्तर दिलं असतं तर यातलं काहीही झालं नसतं. तो अहवाल माझ्या कपाटात अजून आहे. नवीन प्रकल्प हातात घेतला की मी आधी तो काढून ते पान वाचते.

ओट्यावर गाव नकाशा अंथरला आणि दुहेरी तुटक रेघेवर बोट ठेवून विचारलं, "इथून काय काय जातं?" बैलबंडी, ट्रॅक्टर, म्हशी, धान भरलेली ट्रॉली, दिवाळीनंतर मळणीयंत्र. मळणीयंत्राची उंची मोजायला आम्ही शेजारच्या वाड्यात गेलो. टेप वरपर्यंत पुरेना, मग एका मुलाला वर चढवलं. भुयारी वाटेची उंची आता त्या मापावर ठरेल.

संध्याकाळी ६.४०

परतीच्या वाटेत लॅपटॉप मांडीवर. मंजुऱ्यांचे प्रस्ताव चढवायचं परिवेश पोर्टल २०१८पासून आहे, आणि दिल्लीच्या फेऱ्या त्याने वाचवल्या हे मान्य केलंच पाहिजे. पण पोर्टलवर आपण जी रेघ चढवतो तीच त्याला दिसते. दुसऱ्या एका प्रस्तावाला ईडीएस लागला होता, म्हणजे आणखी माहिती मागवली होती. त्याच्या कालच्या फाइलमध्ये वन कक्षाचा क्रमांक चुकला होता, तो दुरुस्त करून पाठवला. आजच्या रेघेची नवी फाइल मात्र लगेच चढवली नाही. आधी आजच्या बैठकीच्या इतिवृत्तावर पाचही खात्यांच्या सह्या. जमीन संपादनाचा इरादा जाहीर करणारी ३अची अधिसूचना अजून निघालेली नाही. ती निघाली की वर्षभरात ३ड, म्हणजे संपादनाची घोषणा, निघावी लागते, नाहीतर ती रद्द होते, आणि गट नंबर छापून आले की मग १२० मीटर सरकणं म्हणजे नव्या शेतकऱ्यांच्या दारात जाणं. हातात थोडेच आठवडे आहेत, त्यातलं प्रत्येक पाऊल आत्ताच टाकून घ्यायला हवं.

रात्री ९.५०

घरी आल्यावर कॅमेऱ्याची कार्डं लावली. पहिल्या दोन आठवड्यांत मोरीतून मुंगूस, रानमांजर, एकदा चितळाची मादी. मग पाऊस सुरू झालेला दिसतो. काचेवर थेंब, मोरीत पाणी चढत गेलेलं. रात्री २.४७चं चित्र: तीच मादी असावी, मागे एक पिल्लू. मादी मोरीच्या तोंडाशी, पुढचे पाय पाण्यात, मान खाली. २.४८ला ती मागे वळलेली. २.४९च्या चित्रात मोरीपाशी कोणीच नाही. दुसऱ्या कार्डावर, २.५३ला, वरच्या रस्त्याच्या कडेचा खांब आणि त्याच्या पलीकडे फक्त पिल्लाचे डोळे चमकताना दिसतात, पुढून येणाऱ्या गाडीच्या उजेडात.

पुढचं चित्र ३.२० चं आहे, रिकामं. मी त्याआधीची चारही चित्रं इंजिनिअरला पाठवली आणि खाली ओट्याची रुंदी लिहिली: ६० सेंटिमीटर, पुराच्या पातळीच्या वर. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याचं उत्तर आलं: "मॅडम, ७५ करतो. उद्या सकाळी छेद पाठवतो."